आधी बोर्डाचा नंबर

बाईंच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन आलेला माणूस आधी चुकीच्या माणसाशी बोलायचा, हे ठरलेलं.

काळेवाडीतलं ते दुकान शटर एक आणि धंदे दोन असं होतं. डाव्या बाजूला शिलाई मशीन. तिथं पन्नाशी ओलांडलेले, कायम इस्त्रीचा शर्ट घालणारे एक गृहस्थ साड्यांना फॉल लावत, पिको करत बसलेले असायचे. उजव्या बाजूला सोल्डरिंगचं टेबल आणि तिथं बाई. लोक काखेत लॅपटॉप मारून यायचे आणि थेट गृहस्थांपुढं ठेवायचे. बायका साडीची पिशवी घेऊन यायच्या आणि बाईंना विचारायच्या, "ताई, मॅचिंग फॉल आहे का?" मग बाई मान वर न करता सोल्डरिंग गननं डावीकडं दाखवायच्या आणि गृहस्थ सुईनं उजवीकडं.

हे गृहस्थ म्हणजे बाईंचे यजमान. पिंपरीतल्या एका पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमधून व्हीआरएस घेऊन घरी बसले, घरी बसवेना म्हणून पिको शिकले. बाईंनी त्यांना शिकवलं असेल असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. बाईंना सुईत दोरा ओवायचा प्रचंड कंटाळा होता.

मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या घरच्या मदरबोर्डची सगळी कहाणी यजमानांनाच ऐकवली. त्यांनी मशीन थांबवून शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आता हेच सगळं तिकडं सांगा."

मी उजवीकडं वळलो. बाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. नुसतं म्हणाल्या, "नंबर?"

मी मोबाईल नंबर सांगितला.

"तुझा नाई. बोर्डाचा."

मी खोक्यावर लिहिलेलं मॉडेल सांगितलं, जरा ऐटीतच. कारण चाकणच्या एका कंपनीत मी सिस्टीम ॲडमिन आहे आणि मॉडेलचं नाव तोंडपाठ असणं ही आमच्यात विद्वत्ता समजली जाते.

"खोक्यावरचं नाव म्हणजे स्थळाच्या कागदावरचं शिक्षण," बाई म्हणाल्या. "बोर्डावर काय छापलंय ते वाच."

त्यांनी एक जुना टूथब्रश आणि एक भिंग पुढं सरकवलं. मी धूळ झाडली, वाचलं.

"मोठ्यानं."

मोठ्यानं वाचलं.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"हाय. कोपऱ्यात बघ."

कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, रिव्हिजनचा, म्हणजे तेच मॉडेल कितव्यांदा सुधारून काढलंय त्याचा, आकडा होता. तो वाचला. मग पहिल्यापासून सगळं परत वाचायला लावलं, मग आणखी एकदा. फॉल लावून घ्यायला आलेल्या एक काकू माझ्याकडं अशा नजरेनं बघत होत्या, की हा एवढा मोठा घोडा, अजून बाराखडीवरच.

"काय त्रास हाय ह्याला?" बाईंनी शेवटी विचारलं.

"त्रास नाही. नवीन बायोस आलंय, म्हणून म्हटलं..."

"तुझं अपेंडिक्स दुखतंय का?"

"नाही."

"गल्लीत नवा सर्जन आलाय म्हणून कापून घेशील का? ने घरी."

यजमानांचं मशीन चालूच होतं, पण खांदे हलत होते. आमची पहिली भेट अशी संपली. बोर्डाला त्यांनी बोट लावलं नव्हतं, वाचनाचा तास तेवढा झाला होता.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरचं बटन दाबल्यावर तो सगळ्यात आधी 'मी कोण, माझ्याकडं काय काय आहे' हे वाचतो. ते ज्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतं त्याला बायोस म्हणतात आणि तो मदरबोर्डवरच्या एका शेंगदाण्याएवढ्या चिपमध्ये राहतो. जुना पुसून नवा भरणं म्हणजे फ्लॅश करणं. नीट झालं तर कोणाला कळतही नाही. चुकलं तर पंखा फिरतो, स्क्रीन काळी पडते आणि मालक पांढरा.

बाई मूळच्या परभणीकडच्या. लग्न होऊन इकडं आल्या आणि भोसरीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत बोर्डांच्या लाइनवर लागल्या. ती कंपनी बंद पडली तेव्हा बाकीच्या बायका रडल्या, बाईंनी आपलं बसायचं स्टूल उचललं आणि रिक्षात घातलं. गेटवरच्या वॉचमननं हटकलं तर म्हणाल्या, "ह्याच्यावर बसून बसून माझी कंबर गेली, स्टूल तरी माझं राहू दे." दुकानात त्या त्याच स्टुलावर बसायच्या. ते डुगडुगायचं. त्याच्या एका पायाखाली घडी करून कंपनीच्याच गुणवत्ता धोरणाचा कागद घातलेला होता.

त्यांना हाक काय मारावी हा एक प्रश्नच होता. "मॅडम म्हणू नको, मी काय शिकवणी घेते का? ताई म्हणू नको, राखी आणली का? नुसतं नंबर म्हण." शेवटी सगळे बाई म्हणायचे, कारण त्यावर त्यांना लगेच काही सुचलं नव्हतं.

टेबलावर एक स्टीलचा मिसळणाचा डबा असायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई इथंच फोडणी देतात की काय. उघडला की प्रत्येक वाटीत पेन ड्राइव्ह. हळदीच्या वाटीत चिपमधून काढून घेतलेल्या मूळ प्रती. जिऱ्याच्या वाटीत बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून उतरवलेल्या फाइली. तिखटाच्या वाटीत लोकांनी कुठून कुठून आणलेलं, "ह्यात काय असंल ते असंल" असं. तिखटाच्या वाटीतलं त्यांनी कोणत्याही बोर्डाला कधी खाऊ घातलं नाही.

नवीन भरायच्या आधी चिपमध्ये जे असेल ते त्या काढून ठेवायच्या, तेही एकदा नाही, दोनदा. दोन्ही प्रती एकमेकींना लावून बघायच्या. अक्षरभर फरक निघाला तरी थांबायच्या. "दोन येळेला विचारलं आन् दोन उत्तरं आली तर समजायचं, कुणीतरी थापा मारायलंय. एक तर चिप, नाही तर तिचे पाय." मग खोडरबरनं चिपचे आठही पाय घासायचे, चकचकीत करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुकानाच्या मधोमध जमिनीवर लाल टेप चिकटवलेली होती. ती सरहद्द. पॉलिस्टरची साडी घातलेल्या गिऱ्हाइकानं ती ओलांडायची नाही. "घासली की ठिणगी पडती. तुम्हाला गुदगुल्या, माझ्या बोर्डाला जाळ." एकदा यजमान स्वतः हातात जरीची साडी घेऊन बोलता बोलता टेपच्या अलीकडं आले. बाईंनी नुसतं टेपकडं बघितलं. ते तसेच उलटे पावलं टाकत मागं गेले, बोलणं न थांबवता.

फ्लॅश चालू असताना तर मंदिरात नसते एवढी शांतता लागायची. शिलाई मशीन बंद. इन्व्हर्टर चालू. तरी त्यांचं समाधान नसायचं. एकदा एका सोसायटीचे चेअरमन कॅमेऱ्यांचा कॉम्प्युटर घेऊन आले. पांढरे कपडे, बाहेर मोठी गाडी. "लवकर उरका, मला मीटिंग आहे." बाईंनी त्यांना मेन स्विचजवळ उभं केलं. "कुणी हात लावला तर तुम्ही जबाबदार. हलायचं नाई." चेअरमन चार मिनिटं स्विचबोर्डकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे होते. मध्येच त्यांचा फोन वाजला. बाईंनी भुवई उचलली. त्यांनी फोन घेतला नाही. काम झाल्यावर ते इतके खूश होते, की निघताना यजमानांना म्हणाले, "वीज अजिबात जाऊ दिली नाही मी."

पुढं या ना त्या बोर्डाच्या निमित्तानं मी तिथं जातच राहिलो आणि हे सगळं बघून हसायचो. घरी बायकोला बाईंची नक्कल करून दाखवायचो. माझी पाळी येईपर्यंत.

आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. गेटवर मोठा फ्लेक्स आहे, त्यावर निळ्या रंगाचा रोबो आणि 'भविष्य इथे घडते'. आत, लाइनच्या शेवटी, गळती तपासायचं एक यंत्र आहे. ते एका अशा कॉम्प्युटरवर चालतं, की तो भविष्यात घडलेला असणं शक्यच नाही. यंत्र विकणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली. त्याचं सॉफ्टवेअर त्या एकाच मदरबोर्डला बांधलेलं. बोर्डाचा नेटवर्कचा बारा अक्षरी नंबर बघितल्याशिवाय ते उघडत नाही. आणि तिथं तपासल्याशिवाय एक नग कंपनीबाहेर जात नाही.

त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. मी नवी डिस्क आणली, सगळं तिच्यावर उतरवलं, पण जुना बोर्ड नव्या डिस्कला ओळखच दाखवेना. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं होतं की बायोस नवं घातलं की ओळखतो. मी मॉडेलचं नाव टाकून फाइल शोधली, मिळाली. एका सकाळी पहिली शिफ्ट चहाला गेली तेवढ्यात पेन ड्राइव्ह लावला. स्क्रीनवर सूचना आली, की ही फाइल या बोर्डाशी जुळत नाही. मला वाटलं, जुना बोर्ड आहे, कुरकुरतोय. ती तपासणी बंद करायची सोय असते, मी ती बंद केली. पुढं ढकललं.

बाईंकडं एवढ्या वेळा मोठ्यानं वाचन केलेला मी, त्या दिवशी कोपऱ्यातला आकडा वाचला नव्हता.

चहा संपून लोक आले तेव्हा पंखा फिरत होता आणि स्क्रीन काळी होती. प्लांटहेड साहेब धावत आले. "काय झालं?"

मी म्हणालो, "अपडेट चालू असताना सप्लाय गेला, सर."

का म्हणालो? तोंडातून निघालं. साहेबांनी लगेच विचारलं, "इलेक्ट्रिशियन पॅनेलवर काम करत होता ना सकाळी?" मी काहीच बोललो नाही. होय नाही आणि नाहीही नाही. साहेब तणतणत गेले. मी बोर्ड काढला, हाताला लागली त्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बाइकला किक मारली.

दुकानात शिरलो तर बाईंनी आधी पिशवीच बघितली. "बोर्ड आणलास का कोथिंबीर?"

नंबर वाचला. मोठ्यानं, रिव्हिजनसकट. वाचता वाचताच मला कळलं, की मी उतरवलेली फाइल दुसऱ्या रिव्हिजनची होती. पण बाईंना मी तेच सांगितलं, की मध्येच वीज गेली.

जुना बोर्ड, त्यामुळं चिप खोबणीत बसवलेली होती. बाईंनी खाच कुठल्या बाजूला आहे ते कागदावर काढून घेतलं, चिमट्यानं चिप अलगद उचलली, तिच्यावरचा नंबर वाचून तिला किती व्होल्ट चालतात ते बघितलं आणि वाचायच्या यंत्रात बसवली. पहिल्या दोन प्रती जुळल्या नाहीत. खोडरबर. पुन्हा दोन. जुळल्या. मग त्या स्क्रीनकडं बघत बसल्या. ओळ न् ओळ वाचत.

"वीज कधी गेली म्हणलास?"

"मध्येच. अर्ध्यात."

"हे अर्धं नाई. पहिल्यापासून शेवटपतूर भरलंय. आन् ह्यात नाव लिहिलंय, बघ. दुसऱ्या रिव्हिजनचं." त्यांनी चिमटा खाली ठेवला. स्टूल माझ्याकडं वळवलं. "आता खरं काय ते सांग."

शिलाई मशीन थांबलं. मी सांगितलं.

"वीज कुणी घालवली म्हणून सांगितलंस कंपनीत?"

"मी कोणाचं नाव घेतलं नाही. साहेबांनी इलेक्ट्रिशियनला धरलं."

"आन् तू धरू दिलंस."

बाईंनी टेबलावर पडलेला माझा मोबाईल माझ्याकडं सरकवला.

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

"बाई, आधी बोर्ड होऊ दे. मशीन चालू झालं की सगळे विसरतील. संध्याकाळी शांतपणे सांगतो."

"संध्याकाळी कुणी सांगत नाई." त्या मिसळणाच्या डब्याचं झाकण उगाचच उघडझाक करत राहिल्या. मग म्हणाल्या, "भोसरीला आमी ट्रेमधल्या चिपांत प्रोग्रॅम भरायचो. एक दिवस मी शेजारचा ट्रे उचलला. दुसऱ्या रिव्हिजनचा. अख्खी लॉट वाया गेली. सायेब आला, म्हणला, कुणाचं काम? मी गप. माझ्या शेजारी एक पोरगी बसायची. त्याला वाटलं तिचं. संध्याकाळी सांगते म्हणलं. संध्याकाळी तिला घरी घालवलं होतं." झाकण बंद झालं. "लाव फोन. तोवर मी चिपला हात लावत नाई."

फोन लावला. प्लांटहेड साहेब काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातला मुद्द्याचा भाग एवढाच होता, की त्यांनी इलेक्ट्रिशियनचा गेटपास काढून घेतला होता आणि तो गेटवर ठेकेदाराची वाट बघत बसला होता. "त्याला परत घेतो. तुझं उद्या बघतो. आज मशीन चालू पाहिजे."

मी फोन ठेवला. यजमान उठले, कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणून दिलं आणि परत मशीनवर बसले.

मग बाई कामाला लागल्या. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बरोबर रिव्हिजनची फाइल घेतली, तिच्याखाली बारीक अक्षरांत काय काय बदललंय ते मला वाचायला लावलं. नव्या डिस्कचा उल्लेख त्यात होता. लिहायला त्यांनी नवी कोरी चिप घेतली. माझी चूक भरलेली जुनी चिप चिकटपट्टीनं कागदावर लावून बाजूला ठेवली. "चुकीचं का असंना, हातात हाय ते पुसायचं नाई. उद्या हे पण लागू शकतं."

पण एक घोळ होता. माझ्या त्या प्रतापात बोर्डाचा मूळ नेटवर्क नंबरही पुसला गेला होता. तो परत जसाच्या तसा लिहिला नाही तर बोर्ड जिवंत होऊनही सॉफ्टवेअर उघडणार नव्हतं. नेटवर्कच्या जोडणीवर एक स्टिकर होतं, तेलानं पिवळं पडलेलं. मी भिंगातून वाचलं. अकरा अक्षरं स्पष्ट. एक मात्र खरवडलेलं.

"आठ आहे," मी म्हणालो. "किंवा बी."

"काय हाय?"

"आठच असेल. दोन्ही टाकून बघू."

"अंदाजानं?" बाईंनी माझ्याकडं बघितलं. "सकाळचा अंदाज पचला का?"

हा नंबर आणखी एका ठिकाणी होता. सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या कागदावर. आणि तो कागद यंत्राच्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पॅनेलची किल्ली इलेक्ट्रिशियनकडं असायची.

म्हणजे त्यालाच फोन करायचा होता.

तो चाकणजवळच्याच गावचा, ठेक्यावरचा माणूस. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. त्यानं फोन उचलला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. सप्लाय गेला नव्हता, मी चुकलो, खोटं बोललो, साहेबांना आता सांगितलंय.

"सकाळधरनं सगळ्यांना त्येच सांगतोय," तो म्हणाला. "लाइट गेली असती तर वरचा पंखा बंद पडला असता. पंखा गरागरा फिरत व्हता. आमी सांगितलं तर पटत न्हाई. आता तुमी सांगितलं, पटलं."

मी माफी मागितली. त्यानं मला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "माफी नंतर बघू. पॅनेलचं काय काम हाय ते बोला."

तो आत गेला, पॅनेल उघडलं, कागदावरचा नंबर एक एक अक्षर करून वाचला. मी खरवडलेल्या अक्षराशी थांबलो. "हे आठ आहे का बी?"

"बी हाय. बॅटरीतला बी."

"नीट बघा."

"सायेब," तो म्हणाला, "मी बघतोय. तुमी लिवा."

बी लिहिला. शिलाई मशीन बंद, इन्व्हर्टर चालू, मेन स्विचजवळ या वेळी मी. चिप भरली, भरलेलं पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून बघितलं, खाच खाचेकडं करून चिप बसवली. बाईंनी बोर्ड चालू केला. एक छोटी शिट्टी वाजली आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. मला वाटतं मी नाचलो. टेप ओलांडून नाचलो, कारण यजमानांच्या पायाशी ठेवलेल्या साड्यांवर पडलो.

"विंडोज नाही उघडलं तर घाबरू नको," बाईंनी बजावलं. "बायोसमधी डिस्कचा मोड आधी जो होता तोच निवड. आन् आता तरी सेटिंगचे फोटो काढ." मग बोर्ड नीट, ठिणगी अडवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून दिला. "कोथिंबिरीची पिशवी ठिव इथंच."

दुसरी शिफ्ट लागता लागता यंत्र चालू झालं. माझ्या फाइलला एक मेमो लागला, त्या वर्षीची बढती गेली. इलेक्ट्रिशियन कामावर राहिला. पुढं कित्येक दिवस तो मला कँटीनमध्ये भर रांगेत "लाइट घालवलेले सायेब" अशी हाक मारायचा. मी ओ द्यायचो.

महिनाभरानं बाईंकडं गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर विचारलं, "ती शेजारची मुलगी आता कुठं असते?"

मला वाटलं, म्हणतील, काय माहीत. बाई म्हणाल्या, "चऱ्होलीला. नवऱ्याचं किराणा दुकान हाय."

"म्हणजे पत्ता माहीत आहे?"

"लई वर्षं झाली."

"मग गेला नाहीत?"

"लांब हाय."

"काळेवाडीहून चऱ्होली लांब? मी रोज रावेतहून चाकणला जातो."

"तुला कंपनी बोलावती. मला कुणी बोलावलंय?"

मी बाईंना उलट बोललो, अशी ती एकच वेळ. "मला बरा तुम्ही फोन लावायला लावलात. तोवर हात लावत नाही म्हणालात."

बाईंनी सोल्डरिंग गन उचलली, परत ठेवली. यजमानांचं मशीन थांबलं. "जाऊन ये," ते म्हणाले. "मी दुकान बघतो."

"तुम्ही बोर्डाला हात लावाल."

"नाही लावत." ते उठले, रॅकच्या अगदी तळातून एक साडी काढली. मोरपंखी. फॉल लावलेली, पिको केलेली, कागदात गुंडाळलेली. कागदाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. "रिकाम्या हातानं जाऊ नको."

बाई साडीकडं आणि नवऱ्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग चपला घातल्या. मी बाइक काढली.

चऱ्होलीत ते दुकान एका नव्या इमारतीखाली होतं, वर फ्लॅटना अजून काचा बसायच्या होत्या. काउंटरमागं दुकानाची मालकीण साखर मोजत होती. पुढं दूध न्यायला आलेले एक आजोबा. "काय देऊ?" तिनं न बघता विचारलं.

कशी आहेस नाही, ओळखलंस का नाही. बाई एकदम म्हणाल्या, "तो ट्रे मी उचलला होता."

आजोबा दुधाची पिशवी घेऊन थबकले. मालकिणीनं साखरेचं पारडं काट्यावरून खाली ठेवलं. वर बघितलं.

"माहितीय की," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"मी बघितलं होतं. तुझ्याच हातात होता."

"मग बोलली कामून नाईस?"

"तुझं लेकरू सहा महिन्यांचं होतं. रोज दुपारी बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचीस आणि डोळे लाल करून यायचीस. माझं लग्न ठरलेलं, पंधरा दिवसांत मी तशीही सोडणार होते. तुला काढलं असतं तर नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात काय खाल्लं असतं तुम्ही?" मग तिनं आजोबांना उरलेले पैसे दिले आणि म्हणाली, "उभी काय राहिलीस? आत ये, चहा टाकते."

त्या दोघी आत गेल्या. मी काउंटरवर बसलो आणि दोन बिस्किटांचे पुडे विकले. आतून आधी काही ऐकू आलं नाही. मग भोसरीच्या साहेबाची नक्कल ऐकू आली, मग हसणं. निघताना ती मालकीण साडी उलगडून बघत होती. "रंग कोणी निवडला?"

"आमच्या ह्यांनी."

"तरीच म्हटलं. चांगला आहे."

परत येताना बाई बाइकवर माझ्या मागं बसल्या होत्या. भोसरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा अचानक मागून आवाज आला.

"सटवी! एवढी वर्षं एक फोन करता येत नव्हता का तिला?"

मी हसलो. मग कळलं की मागं हसणं नाही. बाईंचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं आणि पाठ हादरत होती. सिग्नल हिरवा झाला. मी गाडी काढली नाही. मागचे टेम्पो, रिक्षा, कंपनीची बस, सगळ्यांनी मिळून हॉर्नचा नुसता गिल्ला केला.

"कामून थांबलास?" बाईंनी पाठीतूनच विचारलं.

"तुमचं होऊ द्या म्हटलं."

"माझं चालू राहील," बाई म्हणाल्या. "तू गाडी काढ."